वरची तळी, खालची तळी

मंगळवार, ता. ४ फेब्रुवारी

आज घरात आले ते असे: जाड पुठ्ठ्याची रजिस्टरे दोन, साठ. रबरी शिक्का व शाईचा पॅड, नव्वद (शिक्का जरा तिरका उमटतो म्हणून वीस कमी दिले). पांढरी कार्डे व सुतळी, पस्तीस. फुकट आलेले: काच फुटलेला कंदील, तीन पायांचे स्टूल, गिरणीवाल्याकडून गंजके कुलूप (किल्ली नाही), शिंप्याकडून गंजकी किल्ली (कुलूप नाही), शिवाय शिंप्याचेच शिलाईचे मशीन. हे मशीन गेल्या वर्षापर्यंत चालत होते. इतिहासात जायला किती वेळ लागतो, हे कोणी ठरवलेले दिसत नाही.

सगळे सामान आमच्या पुढच्या खोलीत. ह्यांनी गावाचे इतिहास मंडळ काढले आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून हे खिडकीशी बसून समोरच्या घराकडे बघत असत. त्यापेक्षा हे बरे, अशी मनाची समजूत घालते. हेडमास्तर अध्यक्ष (तेही निवृत्त, पण हाक तीच), हे चिटणीस, शिंपी सभासद. हिशेब आणि वस्तूंची नोंद माझ्याकडे.

"वहिनी, तुमचं मॅट्रिकचं गणित अजून गंजलेलं नाही," हेडमास्तर म्हणाले.

मी म्हटले, "रोज घासते ना."

देवा, हे नवे खूळ महिन्याच्या खर्चात बसू दे.

रविवार, ता. ९

मंडळाची पहिली सभा. वस्तू क्रमांक एक म्हणून ह्यांनी आमच्या जात्याची वरची तळी नोंदवायला सांगितली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून हा दगड मागच्या दाराला लावलेला असे. आता दाराला काय लावायचे, हे इतिहास मंडळाने सांगितलेले नाही.

शिंपी म्हणाला, "आणि खालची तळी?"

शिंप्याला सगळे ठाऊक आहे. त्याला फक्त पुन्हा ऐकायचे होते.

वस्तूची माहिती पूर्ण असावी म्हणून इथे लिहून ठेवते. सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. शेत, भांडी, खाटा, सगळे शब्दाने शब्द न वाढता दोन ठिकाणी गेले. जात्याशी येऊन अडले. सासूबाई आयुष्यभर त्यावर दळत होत्या. थोरले भाऊजी म्हणाले, मला हवे. हे म्हणाले, मला हवे. पंच म्हणून हेडमास्तरच होते. त्यांनी खालची तळी थोरल्याला दिली, वरची धाकट्याला दिली, "न्याय बरोब्बर निम्मा झाला" असे म्हणाले आणि चहा घेऊन घरी गेले. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. अठरा वर्षे झाली. घरे समोरासमोर आहेत. दोन्ही घरांत मिळून एक जाते आहे आणि दळण गिरणीतून येते.

मी आणि जाऊबाई मात्र नळावर रोज बोलतो. आमची वाटणी कोणी केली नाही.

बुधवार, ता. १२

नळावर जाऊबाईंनी सांगितले, घर विकले. एप्रिलअखेर शहरात मुलाकडे कायमचे जायचे.

"तिसरा मजला आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांचे गुडघे तुला ठाऊक आहेत."

"देव चढवील हो."

"त्याला म्हणावं, आधी लिफ्ट बसव."

माझी घागर भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचे सुचले नाही. पाणी वाया गेले.

घरी येऊन ह्यांना सांगितले. हे जेवत होते. हात थांबला. मग म्हणाले, "बंद पडलेल्या वजनकाट्याची खोली मंडळाला मिळते का, ते आजच बघायला हवं." ताट अर्धे ठेवून उठले. भाऊ गाव सोडून चालला आहे आणि ह्यांना खोलीची पडली आहे. पुरुषांची जातच अशी. उरलेले संध्याकाळी मी खाल्ले.

शनिवार, ता. १५

खोली मिळाली. पुढे ओटा आहे, वर पत्रा आहे.

हे सकाळी मंडळाच्या कागदावर पत्र लिहायला बसले. मजकूर उतरवून ठेवते. "मा. ग्रामस्थ, समोरचे घर, यांस. आपणांकडे जात्याची खालची तळी असल्याचे मंडळाच्या कानी आले आहे. गावाच्या इतिहासाच्या दृष्टीने सदर वस्तू महत्त्वाची आहे. तरी ती मंडळास भेट द्यावी, ही विनंती." खाली तिरका शिक्का.

मी म्हटले, "अहो, रस्ता ओलांडून विचारा की."

"मंडळाचं काम आहे. तोंडी चालत नाही."

"कानी आले आहे म्हणे! पाळण्यातून उतरलात ते त्याच तळीजवळ ना?"

"तू नुसतं पोचव."

पोचवले. भाऊजींनी चष्मा लावून वाचले, चष्मा काढून वाचले. म्हणाले, "मंडळाला सांग, तळीवर कपडे धुतो आम्ही. इतिहासाला सवड नाही तिला."

सोमवार, ता. १७

जाऊबाईंनी नळावर पदराखालून पाकीट काढून दिले. आत भाऊजींचे लेखी उत्तर. मंडळाने वरची तळी आमचेकडे पाठवावी, म्हणजे संपूर्ण जाते आमच्या नावे मंडळास भेट देता येईल, कळावे.

मला वाटले, हे आता भांडी आपटतील. ह्यांनी पत्र दोनदा वाचले, भोक पाडून फाईलला लावले आणि म्हणाले, "अक्षर अजून तसंच आहे."

मग रात्री नेहमीच्या वेळेला झोपले. फाईल मात्र उशाशी.

रविवार, ता. २ मार्च

पत्रांचे येणे-जाणे चालूच आहे. ह्यांनी कचेरीत एवढी वर्षे काढली, तिथेही इतका कागद लागला नसेल. हे लिहितात, मी नेते. ते लिहितात, जाऊबाई आणतात. परवा जाऊबाई म्हणाल्या, "टपालखात्यात असतो तर आतापर्यंत पेन्शन बसली असती आपल्याला."

मी म्हटले, "बढतीसुद्धा."

आजचे पत्र शेवटचे दिसते. भाऊजी तळी द्यायला तयार आहेत, पण अट अशी की, ज्या खोलीत वरची तळी असेल त्या खोलीत ती ठेवू नये.

मंडळाकडे एकच खोली आहे.

सभा भरली. शिंपी म्हणाला, "मधे पडदा लावू, मी शिवून देतो." हेडमास्तर म्हणाले, पडदा म्हणजे भिंत नव्हे, अटीचा भंग होईल. शेवटी वरची आत, खालची बाहेर ओट्यावर, असे ठरले. हेडमास्तर म्हणाले, "दोन्ही बाजूंचं समाधान झालं." असे ते मागेही एकदा म्हणाले होते. मी चहा दिला नाही. दूध कमी होते.

शुक्रवार, ता. ७

दोन हमाल लावून खालची तळी आणली. दळून दळून मधला भाग गुळगुळीत झाला आहे, वर साबणाचे पांढरे डाग. हे म्हणाले, डाग राहू देत. मी घासून काढले. स्वच्छतेला कोणाची परवानगी लागत नाही.

जाऊबाई दारात उभ्या. "इतिहास झाला, पण मी आता कपडे कशावर धुऊ?"

आमची जुनी फळी पाठवून दिली. त्या जाईपर्यंतचाच प्रश्न आहे. फळी देताना माझ्या मनात हाच विचार आला आणि मग दिवसभर कशात लक्ष लागले नाही. आमटीत मीठ दोनदा पडले. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली, म्हणजे ह्यांचेही लक्ष नसावे.

बुधवार, ता. १९

प्रत्येक वस्तूपुढे ठेवायची माहितीची कार्डे लिहिणे चालू. ह्यांचे अक्षर चांगले म्हणून हेच लिहितात, मी रजिस्टरशी ताडून बघते. आज एक विचित्र गोष्ट झाली.

वरच्या तळीच्या कार्डावर ह्यांनी लिहिले, "ही तळी आमच्या आई डाव्या हाताने फिरवीत." बरोबर होते. सासूबाई डावखुऱ्या होत्या, सगळ्या गावाला माहीत आहे. ह्यांनी कार्ड दूर धरून पाहिले. मग फाडले. नव्या कार्डावर लिहिले, "ही तळी आमच्या आई उजव्या हाताने फिरवीत."

मी म्हटले, "अहो, चुकलं. मला वाढायच्यासुद्धा त्या डाव्याच हाताने. लग्नानंतर पहिल्यांदा वाढलं तेव्हा मी दचकले होते."

"असू दे."

"असू दे काय? आत्ता तर बरोबर लिहिलं होतंत!"

"चिटणीस मी आहे ना?"

एक कार्ड फुकट गेले ते वेगळेच. पण चुकीची नोंद डोळ्यांदेखत जाऊ द्यायची, हे मला जमत नाही. एक आकडा खोटा पडला की खालची सगळी बेरीज खोटी. ह्यांना विसरायला होऊ लागले की काय, अशी शंका येते. ह्या वयात ज्या आईने वाढवले तिचा हात आठवू नये! देवापुढे बसून ह्यांच्या स्मरणशक्तीसाठी मागणे मागितले. उद्यापासून बदाम भिजत घालावे म्हणते, पण भाव विचारून.

रविवार, ता. ३०

आज मंडळाची खोली उघडली. सगळे गाव आले. जो तो आपापलीच वस्तू शोधत होता आणि सापडली की दुसऱ्याला दाखवत होता. स्टूलवर कोणीतरी बसले. आता पाय दोन.

गिरणीवाल्याने सहज शिंप्याची किल्ली आपल्या कुलपाला लावून पाहिली. लागली. गिरणीवाला बराच वेळ शिंप्याकडे बघत राहिला. शिंप्याला गिऱ्हाईक आल्याचे आठवले.

मग थोरले भाऊजी आले. काठी टेकत, इस्त्रीचा सदरा घालून. मागे जाऊबाई. भाऊजींनी आधी ओट्यावर आपली तळी पाहिली, तिचे कार्ड वाचले, मान हलवली. मग आत आले. हे कोपऱ्यात रजिस्टर उघडून उभे होते. सह्या घ्यायचे काम माझे, रजिस्टर ह्यांच्या हातात कसे गेले कळले नाही. शिवाय ते उलटे धरले होते.

भाऊजींनी वरच्या तळीचे कार्ड वाचले. चष्मा काढून पुन्हा वाचले. हेडमास्तरांना म्हणाले, "तुमच्या चिटणिसांना सांगा, हे चूक आहे."

हेडमास्तर ह्यांना म्हणाले, "ते म्हणतात, चूक आहे."

"पुरावा द्या म्हणावं," हे रजिस्टरात बघत म्हणाले.

हेडमास्तर वळले. "ते म्हणतात..."

"ऐकलं मी!" भाऊजींनी काठी आपटली. "अरे, पुरावा काय मागतोस? मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. तिच्या डाव्या हाताचं कोपर दर फेऱ्याला माझ्या कानाला लागायचं! हा कान बघ! पुरावा मागतोय!"

"कोपर माझ्या कानाला लागायचं, दादा."

"तू तेव्हा होतास कुठं?"

"नंतर आलो ना. तू सात वर्षांचा घोडा झालास, मग मांडीवर मीच होतो."

"मग उजवा हात कुठून आणलास, गाढवा?"

"तू सांग बरोबर काय ते. लिहून घेतो."

अठरा वर्षांनी पहिला शब्द, आणि तो भांडणातला. चारचौघांत, उद्घाटनाच्या दिवशी! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाहुणे पांगले तरी दोघांचे संपेना. पीठ आधी कुठल्या बाजूने पडायचे, खुंटा सैल झाला की आई काय ठोकून बसवायची, जात्याजवळ बसून पीठ कोणी चाटायचे आणि मार कोणी खायचा. हेडमास्तरांनी दोनदा मध्यस्थी करायला तोंड उघडले. भाऊजी म्हणाले, "तुम्ही नका. तुमचा न्याय पाहिलाय." खोलीला कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा दोघे ओट्यावर, खालच्या तळीच्या दोन बाजूंना बसून भांडत होते.

जाऊबाईंना म्हटले, "काय हो हे!"

त्या डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "काही नाही गं, चल. आपण जेवून घेऊ."

हे घरी आले तेव्हा घसा बसला होता. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. भांडणाने भूक लागते, हे मला नवीन आहे.

सोमवार, ता. ७ एप्रिल

भाऊजी रोज सकाळी आक्षेप घ्यायला येतात. आले की हे नवे कार्ड पुढे ओढतात. वरच्या तळीपुढे आता इतकी कार्डे झाली आहेत की तळी दिसत नाही. कार्डांचा खर्च वाढला, म्हणून मी पाठकोऱ्या कागदांचे तुकडे करून दिले. आता त्यांवरही लिहितात.

एक मात्र आहे. चूक दुरुस्त झाली. "डाव्या हाताने" असे भाऊजींनी स्वतःच्या हाताने लिहिले. मी रजिस्टरात नोंद केली आणि देवाचे आभार मानले. बदाम बंद केले.

रविवार, ता. २७

समोरच्यांचा टेंपो सकाळी गेला.

सामान बांधायला हे पहाटेपासून तिकडे होते. मी डबा करून दिला. जाऊबाई फळी परत करायला आल्या. मी म्हटले, असू द्या, तिकडे लागेल. त्या म्हणाल्या, "तिकडं मशीन आहे, धाकटे." फळी दोघींच्या हातात राहिली. कोणी ओढली नाही, कोणी सोडली नाही. मग टेंपोवाल्याने हॉर्न दिला.

भाऊजी पुढे बसले. म्हणाले, "कार्डांवर धूळ बसू देऊ नकोस."

हे म्हणाले, "जिना हळू चढ."

बस, एवढेच. एवढ्या भांडणानंतर मला वाटले होते, काहीतरी बोलतील.

त्याआधी ह्यांनी एक पोते कवेत धरून टेंपोत चढवले. चांगलेच जड दिसत होते. हमालाला हात लावू दिला नाही. मी विचारले, काय आहे? म्हणाले, "मंडळाचं." हमालाचे पैसे वाचले, पण संध्याकाळी ह्यांची कंबर धरली. तेल लावून दिले. ह्या वयात झेपत नाही, हे कळायला हवे. तेल लावताना हे भिंतीकडे तोंड करून होते. डोळ्यांत पाणी होते. कळ बरीच असावी.

शनिवार, ता. १० मे

समोरच्या घराला नवे लोक येईपर्यंत कुलूप. मी नळावर जाते, घागर लावते, येते. पाणी अजिबात वाया जात नाही.

हे खिडकीशी बसू लागले होते. आता तेही नाही. टपालवाल्याच्या वेळेला मात्र दारात असतात. "मंडळाचं काही येईल," म्हणतात. अजून काही आलेले नाही.

गुरुवार, ता. १५

आज वस्तूंची मोजदाद केली. दर तिमाहीला करावी असे मीच ठरवले होते. कुलूप व किल्ली दोन्ही गायब. ते गिरणीवाल्याने नेले असे कळते, त्याचे कारण विचारायचे नाही असे हेडमास्तर म्हणाले.

पण वस्तू क्रमांक एक, वरची तळी, जागेवर नाही. कार्डांचा ढीग तसाच, आणि त्याच्यामागे ओट्यावरची खालची तळी आत आणून ठेवलेली. चोरी म्हणावी तर चोर कार्डे कशाला नीट रचून जाईल? आणि दुसरा दगड कशाला आणून ठेवील?

ह्यांना विचारले. म्हणाले, "चोरी नाही ती."

"मग काय लिहू?"

"लिही काहीतरी."

"काहीतरी मी आजवर लिहिलेलं नाही."

हे हसले. पुष्कळ दिवसांनी.

शुक्रवार, ता. १६

रात्रभर मनात रजिस्टरातला कोरा रकाना. शेवटी आज सकाळी देवाला नमस्कार करून स्वतःच पत्र लिहिले. मंडळाच्या कागदावर नाही, साध्या पोस्टकार्डावर. नक्कल इथे ठेवते.

"जाऊबाईंस धाकटीचा नमस्कार. आम्ही बरे आहोत. ह्यांची कंबर सुधारली. तुमचे घर बंद आहे, पण अंगण मी झाडते. पत्रास कारण की, मंडळाची वस्तू क्रमांक एक मोजदादीत मिळत नाही. तुमच्या सामानात एखाद्या पोत्यात ती निघाली असल्यास जागी नीट ठेवावी, जिन्यावरून उतरवू नये, भाऊजींच्या गुडघ्यांना सोसणार नाही. तुमची खालची तळी इथे आत आहे. तीही कोणी नेणार नाही, मी लक्ष ठेवते. आता प्रश्न नोंदीचा. हरवली म्हणू, दिली म्हणू, की सांभाळायला ठेवली म्हणू? ह्यांना विचारले तर हसतात, आणि टपालवाला आला की माझ्याआधी हेच उठतात. हे रोज चालले आहे. तेव्हा उत्तर माझ्या नावे धाडलेत तरी आत चार ओळी भाऊजींच्या अक्षरात असू द्याव्यात. नोंदीला मूळ हस्ताक्षर लागते. मजकूर काहीही चालेल, आक्षेप असला तरी. रकाना उघडा ठेवला आहे. उलट टपाली कळवावे."